मेणकापडाचा कोट: निवड आणि पारख

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, टाइन नदी जिथे उत्तर समुद्राला मिळते, तिथे साउथ शील्ड्स हे बंदर आहे. जॉन बार्बर या स्कॉटिश व्यापाऱ्याने १८९४ साली येथे दुकान थाटले आणि खलाशांना, मच्छीमारांना, गोदीतल्या कामगारांना तेलकापडाचे कपडे विकायला सुरुवात केली. त्याच्या नावाच्या कंपनीचे मेणकापडी कोट आजही याच गावात शिवले जातात.

या कापडाचे मूळ शिडांमध्ये आहे. शिडांना तेल चोपडले की ती पाणी पिऊन जड होत नाहीत, हे खलाशांना ठाऊक होते आणि जुन्या शिडांचे तुकडे ते स्वतःच्या अंगावरही घेत. पुढे माशाच्या तेलाऐवजी जवसाचे तेल आले. परंतु ते थंडीत ताठरत असे आणि काळाने पिवळे पडत असे. १९३०च्या दशकात पॅराफिन मेण मुरवलेले सुती कापड रुळले, तेव्हा कुठे हा कपडा थंडीतही मऊ राहू लागला. स्कॉटलंडमधील डंडी येथील हॅली स्टीव्हन्सन्सची गिरणी १८६४ पासूनची आहे आणि मेणकापडाच्या व्यवसायात तिचे नाव आजही घेतले जाते.

कोट निवडताना बहुतेक जण आधी रंग पाहतात. खरे तर आधी पाहायची ती लांबी, कारण बसायचे कशावर, यावर ती ठरते. बार्बर कंपनीचा ‘बिडेल’ हा १९८० सालचा कोट घोडेस्वारांसाठी बेतलेला आहे. म्हणून तो आखूड आहे, मागे दोन्ही बाजूंना कट आहेत आणि वारा शिरू नये म्हणून बाह्यांच्या आत विणलेली मनगटे आहेत. त्यानंतर थोड्याच वर्षांत आलेला ‘बोफर्ट’ शिकाऱ्यांसाठी असल्याने तो अधिक लांब आहे आणि मारलेले पक्षी ठेवण्यासाठी त्याच्या पाठीत रुंद खिसा आहे. शहरात त्या खिशात वर्तमानपत्र जाते, ते सोडा. मात्र जो रोज मोटारीतून फिरतो, त्याला लांब कोट मांडीखाली गोळा होऊन छळतो. मापाचे म्हणाल तर आत जाड स्वेटर घालूनच कोट अंगावर चढवून पाहावा आणि दोन्ही हात पुढे ताणून खांद्यात ओढ बसते का, हे तपासावे.

आता कापड जवळून पाहा. नव्या कोटावर बोट फिरवले की किंचित चिकट, गार स्पर्श होतो. घडी घातली की तिथे फिकट रेघ उमटते, आणि ती रेघ हा दोष नव्हे, मेण सरकल्याची खूण आहे. पाण्याचा थेंब अशा कापडावर मोत्यासारखा ठरतो. पाणी शिरते ते बहुधा खांद्याच्या शिवणीतून आणि कोपराच्या घडीतून, म्हणून पारख करायची ती याच जागांची. आणखी एक उणीव विक्रेता क्वचितच सांगतो: नवा कोट फिकट कापडाच्या सोफ्यावर किंवा मोटारीच्या आसनावर डाग पाडू शकतो आणि त्याचा वास बंद खोलीत जाणवतो.

हा कोट वॉशिंग मशीनमध्ये घालणे म्हणजे त्यातले मेण घालवणे. गार पाण्यात भिजवलेल्या स्पंजाने चिखल पुसावा, एवढीच त्याची धुलाई. साधारण वर्षाकाठी एकदा मेण पुन्हा द्यावे लागते: मेणाची डबी गरम पाण्यात ठेवून मेण पातळ करायचे, कोट सपाट पसरून स्पंजाने ते चोळायचे, शिवणींवर जरा जास्त हात फिरवायचा, कॉर्डरॉयची कॉलर आणि खिशांचे आतले अस्तर वगळायचे, मग हेअर ड्रायरच्या उष्ण वाऱ्याने थर एकसारखा मुरवायचा. हे काम करण्याची तयारी नसेल, तर साधा नायलॉनचा रेनकोट घेणे अधिक शहाणपणाचे.

सह्याद्रीतल्या पावसासाठी हा कोट घेऊ नये, असे स्पष्ट मत आहे. मेणाने कापडाची छिद्रे बुजलेली असतात. जुलैच्या दमट उकाड्यात घाट चढताना घामानेच आतून भिजायला होते, आणि कपाटात दाबून ठेवलेल्या ओलसर मेणकापडावर बुरशी चढते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला मात्र तिथल्या बोचऱ्या वाऱ्यात आणि रिमझिम पावसात तो उत्तम साथ देईल.

नव्याची किंमत परवडत नसेल, तर जुना कोट घ्यायला हरकत नाही. चेन बदलता येते, निखळलेले टिचबटण नव्याने बसवता येते, फाटलेल्या जागी ठिगळ लावता येते. साउथ शील्ड्सच्या कारखान्यात अशा दुरुस्तीचा स्वतंत्र विभागच आहे. फक्त कोपराची घडी दोन्ही हातांनी हलकेच ताणून पाहावी. तिथे धागे तटातट तुटू लागले, तर कापड जीर्ण झाले आहे आणि त्याला कितीही मेण दिले तरी उपयोग नाही.