मेंढा (लेखा): रांजी राखणारं गाव

[दृश्य: बांबूची रांजी, कोयता घेतलेले हात]

कोयता चालवण्याआधी रांजीभोवती, म्हणजे बांबूच्या बेटाभोवती, एक फेरी होते. कोणता बांबू यंदाचा, कोणता गेल्या पावसाळ्यातला, कोणता पिकलेला, हे आधी पाहून घ्यायचं. ज्याच्या पेरांना अजून खोळ चिकटलेली आहे, तो कोवळा. त्याला हात लावायचा नाही.

तोड पेराच्या किंचित वर. खाली पोकळ नळी उरली, तर पावसाचं पाणी साचून बुंधा कुजतो. पिकलेले बांबूही सगळे काढायचे नाहीत, कारण नवे कोंब रांजीच्या कडेने येतात आणि वाऱ्यात त्यांना आधार जुन्यांचाच असतो. पावसाळ्यात वास्ते, म्हणजे हे नवे कोंब, फुटू लागले, की कोयता घरात.

[दृश्य: गाव, जंगलाची कड]

हे मेंढा (लेखा). गडचिरोली जिल्हा, धानोरा तालुका, गोंड आदिवासींचं गाव. रांजी ओळखणारी ही माणसं, पण १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाडांत मोजलं आणि त्यावर वनखात्याची मालकी आली. याच जिल्ह्यातून कागद कारखान्याकडे बांबू जात राहिला. पुढच्या वर्षी रांजी फुटेल का, ही चिंता मात्र गावालाच होती.

[दृश्य: ग्रामसभा]

इथे हात वर करून मतं मोजत नाहीत. सर्वांची सहमती होईपर्यंत विषय सोडत नाहीत, मग कितीही बैठका होवोत. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. २००६ चा वनहक्क कायदा आला, तेव्हा दावा करायला गाव तयारच होतं. या कायद्याने बांबूला गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारी वस्तू, म्हटलं, जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आणि जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क मान्य केला. आमच्या मते, यातली सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्लक्षित तरतूद ही शेवटचीच.

२००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी बांबू गावाबाहेर न्यायचा, तर वाहतूक परवाना वनखात्याचाच लागे.

[दृश्य: बांबूचे भारे, ट्रक]

२७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. मग गावाने आपला बांबू आपणच विकला, आणि आज जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत.