चेन ताणली आणि ब्रेक चिकटला

मंडळी, चवथीच्या आधीचा रविवार आठवा. अंगणात गाडी डबल स्टँडवर, बाजूला बादली, चेनवरचा लाल चिखल घासून काढलेला, जमलं तर ब्रेकही घट्ट केलेला. संध्याकाळी गाडी बाहेर काढावी तर ब्रेक सकाळसारखा लागत नाही. आज फक्त या ब्रेकबद्दल बोलायचं आहे: सकाळी ठीक होता, आपण काम केलं आणि मग बिघडला.

वापरून झिजलेल्या ब्रेकचा दोष कुठेही असू शकतो. घरच्या कामानंतर आलेला दोष बहुतेक वेळा जिथे पाना लागला तिथेच असतो. म्हणून पहिला प्रश्न एकच: शेवटचा हात कुठे लागला? चेन, चाक, पॅड, ऑइल, नुसती धुलाई, जे काही केलं ते क्रमाने आठवा आणि त्याच क्रमाने उलटे मागे या.

चेनपासून सुरुवात करू, कारण चेन ताणली तर ब्रेक का बिघडावा हेच पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चेन ताणताना मागचं चाक मागे सरकतं. ड्रम ब्रेकमध्ये चाकाच्या मधला गोल डबा, म्हणजे ड्रम, आतून शू दाबून थांबवतात. अशा गाडीत शू धरणारी ब्रेक प्लेटही चाकाबरोबर मागे जाते, पण पेडल आहे तिथेच राहतं. मधल्या रॉडची लांबी तीच, म्हणजे रॉड आपोआप ओढला गेला. पेडलची मोकळी चाल संपते, शू ड्रमला घासत राहतात, ड्रम तापतो, गाडी ओढत नाही आणि आपण कार्बोरेटरला दोष देतो. चेनला हात लावला की पेडलची चाल पुन्हा मोजायची. बहुतेक गाड्यांत पेडलच्या टोकाशी २० ते ३० मिलिमीटर मोकळी चाल लागते. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत असतो. मागे माणूस बसला की मागचं चाक धरणारा स्विंगआर्म वर जातो आणि रॉडचा ताण बदलतो. आपल्या गोव्यातल्या पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्या, मंडळींच्या पाठीमागे तर दिवसभर कोणी ना कोणी असतंच. त्यांनी मागे माणूस बसवून, गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून पाहावी. एकट्याने मोकळी चालणारी गाडी दोघांनी जड झाली, तर चाल कमी पडते आहे.

रॉडच्या टोकाचा हा नट जवळून बघा. याचं एक तोंड सपाट नाही, खोलगट आहे. ती खोलगट बाजू कॅम आर्ममधल्या (रॉडने ओढला जाऊन शू पसरवणारा प्लेटबाहेरचा हात) गोल पिनवर बसते, म्हणून नट अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने ‘टक’ करून जागा घेतो. फिरवताना तो अर्धवट, पिनच्या कडेवर थांबला तर हाताला चाल बरोबर लागते. रस्त्यावर दोन खड्डे बसले की नट घरंगळून जागेवर येतो आणि चाल बदलते. फिरवून झाल्यावर पेडल दोन-तीनदा जोरात दाबा, मगच मोजा.

आता सगळ्यांत धोक्याची चूक. चाक काढताना ब्रेक प्लेटला धरून ठेवणारी पट्टी, म्हणजे टॉर्क रॉड, सोडावी लागते. ब्रेक दाबला की शू ड्रमला पकडतात आणि ड्रमबरोबर प्लेटही फिरायला बघते. तिला ही पट्टी अडवते. नट हातानेच लावून ठेवला, स्प्लिट पिन घातली नाही, तर तो नट कधी सुटेल सांगता येत नाही. पट्टी सुटली की प्लेट गरकन फिरते, रॉड वाकतो किंवा तुटतो आणि चाक जागच्या जागी अडकू शकतं. पुढच्या ड्रमला पट्टीऐवजी प्लेटवर खाच असते आणि फोर्कच्या पायावर तिच्यात बसणारा उंचवटा. चाक बसवताना खाच त्यात गेली नाही, तरी एक्सल आत जातो आणि सगळं बरोबर बसल्यासारखं दिसतं. म्हणून एक्सल घट्ट करण्याआधी प्लेट हाताने फिरवून पाहायची. ती फिरता कामा नये. स्प्लिट पिन दर वेळी नवी घ्या. एकदा वाकवलेली पुन्हा वाकवली की मोडते.

चाक लावून झाल्यावर ब्रेक अर्धवट लागतो, पेडल मऊ वाटतं, तर बहुधा शू ड्रमच्या मध्यभागी बसलेले नाहीत. एक्सलचा नट थोडा ढिला करा, पेडल पूर्ण दाबून धरा आणि तसंच धरून नट घट्ट करा. शू स्वतःच आपली जागा घेतात. नवे शू घालताना कॅमवर आणि पिनवर ग्रीसचा पातळ हात पुरे. जास्त लावलेलं ग्रीस ड्रम तापला की लायनरवर, म्हणजे शूच्या घासणाऱ्या थरावर, उतरतं. कॅम आर्म काढला असेल तर दांड्यावरची आणि आर्मवरची खूण जुळवूनच परत लावा. एक दाता इकडे-तिकडे झाला की जोर कमी मिळतो आणि शू किती झिजले ते दाखवणारा काटाही खोटं सांगू लागतो.

पेडल खालीवर केलं असेल तर ब्रेकलाइटचा स्विचही बघा. दिवा पेटतच राहिला, किंवा ब्रेक लागून गेल्यावर पेटला, तर स्विचचं अंग हातात धरून प्लास्टिकचा नट फिरवायचा. अंगच फिरवलं तर वायरी पिळल्या जातात.

डिस्क ब्रेककडे येऊ. यात चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला पॅड दाबतात आणि पॅडना ऑइलच्या दाबाने पिस्टन ढकलतो. इथे चुका जास्त बारीक असतात. पॅड बदलताना पिस्टन आत ढकलावा लागतो. तो बाहेर आलेला भाग धुळीने आणि लाल मातीने माखलेला असतो. डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यातून रोज गाडी चालवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. तसाच आत ढकलला तर ती माती ऑइल सीलवर घासत जाते. आधी जुन्या टूथब्रशने साबणाचं पाणी लावून पिस्टन स्वच्छ करा, पुसा, मग हळू ढकला. ढकलताना वरच्या, लिव्हरजवळच्या डब्यातलं ऑइल वर चढतं. पॅड झिजलेले असताना कोणी डबा काठोकाठ भरला असेल तर ते सांडतं आणि टाकीचा रंग खातं. सांडलं तर नुसतं पुसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. ते पाण्यात विरघळतं.

पॅड बसवल्यावर पहिल्यांदा लिव्हर दाबली की ती हँडलला टेकते. यात बिघाड काही नाही. पिस्टन मागे गेलाय आणि त्याला पॅडपर्यंत परत यायचं आहे. पण हे इंजिन सुरू करण्याआधी कळायला हवं. लिव्हर टणक होईपर्यंत दहा-पंधरा वेळा पंप करा आणि तोवर गाडी स्टँडवरून काढू नका. एक पॅड उलटा, लोखंडाची बाजू डिस्ककडे करून बसवण्याची चूकही होते. पहिल्याच ब्रेकला किरकिर आणि डिस्कवर चरा दिसला की समजावं.

लिव्हर टणक झाली, पण चाक मोकळं फिरत नाही, ब्रेक चिकटून राहतो. इथे एक सोपी परीक्षा आहे. चाक हवेत धरा, लिव्हर दाबून सोडा, चाक अडकलेलं असताना कॅलिपरचं (पॅड आणि पिस्टन धरणाऱ्या भागाचं) निपल, म्हणजे ऑइल-हवा सोडायचं बारीक तोंड, बहुतेक गाड्यांवर आठच्या पान्याने, पाव फेरा सैल करा. डोळ्यांना चष्मा, खाली फडकं. थेंब उडाला आणि चाक मोकळं झालं, तर दाब वर अडकला होता: दोष मास्टर सिलिंडरमध्ये (लिव्हरपाशी दाब तयार करणारा भाग), लिव्हरमध्ये किंवा नळीत. निपल सोडूनही चाक तसंच, तर दोष कॅलिपरमध्ये, म्हणजे पिस्टन नाहीतर सरकत्या पिना अडकल्या आहेत. ही परीक्षा केली की विनाकारण अर्धी गाडी उघडावी लागत नाही. झाल्यावर निपल घट्ट करून लिव्हरची चाल परत तपासा.

दाब वर का अडकतो? डबा आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये सुईच्या टोकाएवढं भोक असतं. लिव्हर पूर्ण सुटली तरच ते उघडं राहतं आणि तापलेलं ऑइल वर डब्यात जाऊ शकतं. लिव्हर बदलली, हँडगार्ड बसवला, जाड ग्रिप चढवली आणि लिव्हर केसभर जरी दाबलेली राहिली, तर भोक बंद. मग पॅड हलकेच घासतो, ऑइल तापून फुगतं, पॅड आणखी दाबला जातो, आणखी तापतं. दोन किलोमीटर ठीक चाललेली गाडी पाचव्या किलोमीटरला अडकते आणि सावलीत थंड झाली की पुन्हा मोकळी होते. असं झालं तर लिव्हरच संशयित. झाकण उघडून लिव्हर अगदी हळू, थोडीशीच दाबा: डब्याच्या तळातून ऑइलची बारीक चिळकांडी उठली तर भोक उघडं आहे. तोंड जवळ नेऊ नका. डबा काठोकाठ भरला तरीही हाच प्रकार होतो, कारण फुगायला जागा उरत नाही.

कॅलिपर अडकण्याचं घरगुती कारण म्हणजे चुकीचं ग्रीस. पिस्टनला मागे आणणारं स्प्रिंग नसतं. चौकोनी सील दाबाने थोडं पिळलं जातं, दाब गेला की सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढतं. बेअरिंगचं साधं ग्रीस, रॉकेल किंवा इंजिन ऑइल लागलं की ते रबर फुगतं आणि पिस्टन मागे येणं थांबतं. सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावा.

लिव्हर लगद्यासारखी मऊ लागते, पंप केल्यावर टणक होते, तर आत हवा आहे. निपलला पारदर्शक नळी लावा, नळीचं दुसरं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा. लिव्हर दाबा, धरून ठेवा, निपल अर्धा फेरा सोडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा. क्रम चुकला की नळीतली हवा परत आत. दर चार-पाच वेळांनी डबा बघा. तो एकदा रिकामा झाला की काम पहिल्यापासून. मधूनमधून पान्याच्या दांड्याने कॅलिपरवर आणि नळीच्या वाकांवर टकटक करा, चिकटलेले बुडबुडे सुटतात. तरी मऊपणा राहिला तर वरच्या बँजो बोल्टशी (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) हवा आहे का बघा. लिव्हर रात्रभर दोरीने बांधून ठेवली की ती हवा बऱ्याचदा आपणहून वर येते. बँजो बोल्ट उघडलाच, तर दोन्ही बाजूंचे वायसर नवे घाला.

ब्रेक ऑइल म्हणतो आपण, पण ते खनिज तेल नाही, आणि ते हवेतली ओल पितं. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली महिन्याभराने वापरू नका. डॉट ४ प्रतीचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओल पिऊन झाल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते. चोर्ला घाट उतरताना ब्रेक धरूनच येणाऱ्याला हा फरक जाणवतो: वाफ झाली की लिव्हर रिकामी. एका ब्रेकमध्ये शंभर मिलिलिटरपेक्षा कमीच ऑइल मावतं, तेव्हा छोटी बाटली घ्या आणि दर दोन वर्षांनी बदला. झाकणावर डॉट ३ किंवा ४ लिहिलेलं असेल तर डॉट ५ घालू नका. ते सिलिकॉनचं असतं, यात मिसळत नाही. डॉट ५.१ मात्र याच जातीचं आहे.

लिव्हर टणक, चाक मोकळं, पण गाडी थांबत नाही, तर आधी चेनचा स्प्रे आठवा. मागच्या डिस्कवर त्याचा तुषार गेला असणार. टायर पॉलिशचंही तसंच. डिस्क ब्रेक क्लीनरने किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसता येते. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर घासून किंवा गॅसवर तापवून भागत नाही, नवे घालावे लागतात. चेनला स्प्रे मारताना डिस्कवर गोणपाट टाका, एवढं सोपं आहे.

१२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना २०१८-१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. चाक काढून बसवल्यावर एबीएसचा दिवा विझत नसेल, तर सेन्सरचा बोल्ट राहिलाय का आणि दातेरी रिंगवर चिखल किंवा डेंट आहे का ते बघा. गाडी थोडी चालल्यावर दिवा विझणं साहजिक आहे. पेटलेलाच राहिला तर एबीएस काम करत नाही. अशा गाडीत डबा रिकामा होऊन हवा मॉड्युलेटरमध्ये (एबीएसचा दाब सांभाळणारा भाग) गेली तर काही मॉडेल्सना मशीन लावावं लागतं. तिथे हट्ट न करता मेकॅनिककडे न्या.

काम संपल्यावर गाडी लगेच रस्त्यावर आणायची नाही. लिव्हर जोरात दाबून अर्धा मिनिट धरा. ती हळूहळू हँडलकडे सरकली तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं सील गेलंय. मग अंगणातच ढकलत नेऊन पुढचा, नंतर मागचा ब्रेक वेगवेगळा दाबा. नवे पॅड असतील तर मोकळ्या रस्त्यावर ४० च्या वेगावरून दहापर्यंत, वीस-तीस वेळा, मध्ये थंड होऊ देत, ब्रेकने वेग कमी करा. तोवर पकड कमीच राहते. घरी आल्यावर कॅलिपरखाली जुना कागद पसरून ठेवा. सकाळी त्यावर थेंब दिसला तर गाडी तिथेच राहू द्या आणि आधी बँजो व निपल बघा.