रापा नुई: मोआईंच्या आसपासचं बेट

मंडळी, चिलीचा किनारा सोडून पश्चिमेला साधारण 3,500 किलोमीटर समुद्र ओलांडला की रापा नुई लागतं. शाळेच्या पुस्तकात आपण त्याला ईस्टर आयलंड म्हणायचो, कारण 1722 साली ईस्टरच्या रविवारी एक डच जहाज तिथे पोचलं. सगळ्यात जवळची मनुष्यवस्ती पिटकेर्न बेटावर, आणि तीही सुमारे 2,000 किलोमीटर लांब. पॉलिनेशियन लोक साधारण आठशे ते हजार वर्षांपूर्वी होड्यांतून इथे आले. येताना कोंबड्या, केळी, अळूचे कंद घेऊन आले.

बेट त्रिकोणी आहे, क्षेत्रफळ जेमतेम 164 चौरस किलोमीटर. पोइके, रानो काउ आणि तेरेवाका या तीन ज्वालामुखींनी ते घडवलं. बारमाही वाहणारी नदी एकही नाही. पाऊस पडतो, पण सच्छिद्र खडकातून खाली निघून जातो. गोडं पाणी साठतं ते ज्वालामुखींच्या मुखांतल्या तळ्यांत, आणि किनाऱ्यालगत काही ठिकाणी जमिनीतून पाझरतं.

पुतळे, म्हणजे मोआई, तुम्ही फोटोत पाहिलेच असतील. बहुतेक सगळे रानो राराकु या एकाच डोंगरात कोरले गेले आणि त्यांतले चारशेच्या आसपास अजून तिथेच आहेत. काही तर पाठीकडून खडकाला चिकटलेलेच. ते पूर्वजांचे पुतळे आहेत. किनाऱ्यावरच्या चौथऱ्यांवर उभे असले तरी बहुतेकांची पाठ समुद्राकडे आणि तोंड गावाकडे, आपल्या माणसांकडे.

पण मला तुम्हाला पुतळ्यांइतकीच तिथली शेती दाखवायची आहे. जमीन निकस, वारा खारा आणि सतत वाहणारा. या लोकांनी शेतातले दगड वेचून बाहेर टाकले नाहीत. उलट दगड फोडून शेतात पसरले. त्यामुळे ओल टिकते, वाऱ्याने माती उडत नाही, आणि खडकातली खनिजं हळूहळू मातीत उतरतात. याशिवाय गोल दगडी कुंपणं, त्यांना मानावाई म्हणतात. त्यांच्या आडोशाला केळी आणि अळू वाढायचं. मुख्य पीक रताळं. हो, आपण एकादशीला उकडून खातो तेच. मूळचं ते दक्षिण अमेरिकेचं, आणि पॉलिनेशियात युरोपीय जहाजांच्या कितीतरी आधी पोचलेलं होतं.

आता त्या प्रसिद्ध गोष्टीकडे येतो. या लोकांनी झाडं तोडली, आपसात लढले आणि स्वतःच्या हाताने संपले, असं आपल्याला वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. ताडाचं जंगल नष्ट झालं हे खरं. माणसांनी ते तोडलं, जाळलं, आणि उंदरांनी बिया खाल्ल्या. पण माणसं त्यामुळे संपली नाहीत. 2024 साली 15 प्राचीन रापानुईंच्या, म्हणजे या बेटावरच्या मूळ लोकांच्या, अवशेषांतल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याची खूण त्यात सापडली नाही. ती हळूहळू वाढतच होती.

मग झालं काय? 1862 मध्ये पेरूहून गुलाम पकडणारी जहाजं आली. हजाराहून अधिक माणसं नेली. जी थोडी परत आली त्यांच्याबरोबर देवीच्या रोगाची साथ आली. 1877 मध्ये बेटावर फक्त 111 रापानुई उरले. लाकडी पाट्यांवर कोरलेली इथली रोंगोरोंगो लिपी वाचणारे जाणकार याच काळात गेले. आज त्या पाट्या जगभरच्या संग्रहालयांत आहेत, आणि त्या कोणालाच वाचता येत नाहीत. 1932 मध्ये एका अभ्यासकाने त्या चिन्हांचं नातं थेट आपल्या सिंधू लिपीशी जोडलं होतं, पण ते टिकलं नाही. दोन्हींमध्ये हजारो वर्षांचं अंतर आहे.

पुढे 1888 मध्ये चिलीने बेट घेतलं आणि मेंढपाळीसाठी एका कंपनीला दिलं. मूळ रहिवाशांना हांगा रोआ गावात कोंडून ठेवलं. बाकी अख्खं बेट मेंढ्यांना! पूर्ण नागरी हक्क मिळायला 1966 उजाडलं. जे स्वतःहून संपले असं जग म्हणतं, त्यांच्यावर हे सगळं गुजरलं आहे. मला याचा मनापासून राग येतो.

रापानुई आज तिथे आहेत. 1960 च्या त्सुनामीने तोंगारिकीचे 15 मोआई आतल्या रानात वाहून नेले होते. 1990 च्या दशकात जपानी क्रेनच्या मदतीने ते पुन्हा उभे राहिले. राष्ट्रीय उद्यानाचा कारभार आता माउ हेनुआ ही रापानुईंची स्वतःची संस्था पाहते. दर फेब्रुवारीत तापाती उत्सव भरतो. त्यात तरुण केळीच्या खोडांवर आडवे होऊन डोंगरउतारावरून घसरत येतात.

होआ हाकानानाइआ हा मोआई मात्र अजून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. 1868 साली ब्रिटिश नौदलाच्या जहाजाने तो ओरोंगोहून उचलला. 2018 मध्ये रापानुईंचं शिष्टमंडळ तो मागायला लंडनला गेलं होतं. तो त्यांना परत मिळायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.