माणशी सातशे रूबल

[दृश्य: विटांची दुमजली इमारत, दारावरची पाटी]

रशियातल्या अझोव समुद्राकाठचं तागानरोग. खाली दुकान, वर बिऱ्हाड. पाटीवर लिहिलंय: चहा, साखर, कॉफी आणि इतर वाणसामान. आज हे संग्रहालय आहे. लोक येतात ते अंतोन चेखव या लेखकासाठी. येऊ देत. आपल्याला भेटायचंय ते गल्ल्यावर बसणाऱ्या त्याच्या बापाला, आणि त्याआधी आजोबाला.

[दृश्य: नकाशा, वोरोनेझ प्रांत, शेतं]

ओल्खोवात्का गाव. येगोर चेखव हा चेर्त्कोव नावाच्या जमीनदाराचा भूदास, म्हणजे मालकाच्या मालमत्तेतच मोजला जाणारा माणूस. येगोर मात्र लिहाय-वाचायला शिकला. मालकाच्या बीटसाखरेच्या कारखान्यात राबला, त्याची गुरं हाकत मॉस्कोच्या बाजारापर्यंत गेला, आणि वर्षानुवर्षं पै-पै बाजूला टाकत राहिला. १८४१ साली त्याने मालकापुढे ३,५०० रूबल मोजले. तो स्वतः, बायको आणि तीन मुलगे. माणशी ७०० रूबल. मुलीसाठी पैसे उरलेच नाहीत. मालकाने तिला वर घातली, भाजीवर कोथिंबीर घालतात तशी. रशियात भूदासपद्धत कायद्याने बंद झाली १८६१ मध्ये. येगोर तोवर थांबला नाही.

[दृश्य: दुकानाचा अंतर्भाग. तराजू, वजनं, चहाचे डबे]

येगोरचा मधला मुलगा पावेल, म्हणजे अंतोनचा बाप. १८४४ पासून तागानरोगच्या एका बड्या व्यापाऱ्याकडे कारकुनी करत होता. १८५७ मध्ये त्याने स्वतःचं दुकान थाटलं; या इमारतीत ते आलं १८६९ साली. नीट बघा, काय नव्हतं इथे? चहा, कॉफी, खारवलेले मासे, मेणबत्त्या, रॉकेल, ऑलिव्हचं तेल, औषधंसुद्धा. तळघरात दारू. दुकान पहाटे उघडायचं, ते रात्री उशिरापर्यंत. बाप चर्चच्या गायकवृंदात रमलेला असला, की गल्ल्यावर शाळकरी अंतोन. गृहपाठही तिथेच, हिवाळ्यात शाई गोठेल अशा थंडीत.

[दृश्य: तेलाचं पिंप, जवळून]

पावेलचा थोरला मुलगा अलेक्सांद्र याने एक हकिकत लिहून ठेवली आहे. तेलाच्या पिंपात उंदीर बुडून मेला. पावेलने पाद्र्याला बोलावलं, मंत्र म्हणवून तेल शुद्ध करून घेतलं आणि गिऱ्हाइकांना ते मोठ्या श्रद्धेने सांगितलंही! गिऱ्हाईक तुटलं. लबाड दुकानदार असता तर उंदीर गुपचूप फेकून मोकळा झाला असता.

[दृश्य: रेल्वे स्टेशन]

रेल्वे आली, बंदराचा व्यापार रोस्तोवकडे वळला, कर्ज वाढलं. १८७६ मध्ये दिवाळं. पावेल मॉस्कोला पळाला, घर भाडेकरूने घेतलं. सोळा वर्षांचा अंतोन शाळा संपवण्यासाठी एकटा मागे राहिला.

पुढे मॉस्कोत पावेलला नोकरी मिळाली. एका व्यापाऱ्याच्या वखारीत, महिना तीस रूबलवर.