स्मृतीची मर्यादा मोजणारे भौतिकशास्त्र

2024 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन हॉपफील्ड आणि जेफ्री हिंटन यांना जाहीर झाले, तेव्हा न्यूरल नेटवर्कच्या, म्हणजे मेंदूतील चेतापेशींच्या जाळ्यावर बेतलेल्या गणिती रचनांच्या, कामाला भौतिकशास्त्राचा सन्मान कसा, असा प्रश्न अनेकांना पडला. सांख्यिकीय भौतिकीच्या अभ्यासकांना मात्र हॉपफील्ड परके नव्हते. 2022 चे बोल्ट्झमन पदक त्यांना दीपक धर यांच्यासोबत विभागून मिळाले होते, आणि धर यांची बरीचशी कारकीर्द मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुढे पुण्याच्या आयसरमध्ये घडलेली आहे. माझ्या मते नोबेलचा निर्णय रास्त होता. भौतिकशास्त्राने या क्षेत्राला नुसत्या उपमा पुरवल्या नाहीत. हजारो घटकांची व्यवस्था नेमक्या कोणत्या आकड्यापाशी आपले वागणे बदलते, हे काढण्याची रीत दिली.

लोहचुंबकाच्या इझिंग प्रारूपात प्रत्येक स्पिनची, म्हणजे अणूएवढ्या चिमुकल्या चुंबकाची, किंमत +1 किंवा −1 असते. हॉपफील्ड यांनी 1982 च्या शोधनिबंधात स्पिनच्या जागी चेतापेशी मानल्या. साठवायच्या आकृतीत दोन पेशी सारख्या असतील तर त्यांच्या जोडणीत एक मिळवायचा, विरुद्ध असतील तर एक वजा करायचा. नंतर एकेक पेशी इतरांकडून येणाऱ्या बेरजेचे चिन्ह पाहून आपले चिन्ह ठरवते. जोडण्या दोन्ही दिशांनी समान असल्याने व्यवस्थेची ऊर्जा या क्रियेत कधीच वाढत नाही, आणि डोंगरउतारावरचे पाणी जवळच्या दरीत जाऊन थांबावे तशी व्यवस्था एखाद्या स्थिर स्थितीला पोहोचते. आठवण म्हणजे ही दरी.

हे आकड्यांत पाहू. दहा बाय दहाच्या चौकटीत शंभर घरे आहेत, प्रत्येक घर म्हणजे एक पेशी, आणि त्यांत पाच यादृच्छिक आकृत्या साठवल्या आहेत. त्यांतील एकीची 15 घरे उलटी करून ती आपण नेटवर्कला दिली. 85 घरे बरोबर आणि 15 चूक, म्हणून प्रत्येक पेशीवर योग्य दिशेने सुमारे 70 इतका जोर येतो. उरलेल्या चार आकृत्यांचा गोंगाट कधी अधिक तर कधी उणे असतो, आणि त्याचे प्रमाण विचलन चारशेच्या वर्गमुळाएवढे, म्हणजे साधारण 20 भरते. 70 पुढे 20 टिकत नाही, आणि बिघडलेली आकृती सहसा पहिल्याच फेरीत दुरुस्त होते. आकृत्या वाढवत नेल्या की हा गोंगाट वाढतो, जोर मात्र तेवढाच राहतो.

मग किती आकृत्या मावतील? हॉपफील्ड यांनी संगणकावरील प्रयोगांतून पेशींच्या संख्येच्या सुमारे 0.15 पट असा अंदाज बांधला होता. 1985 मध्ये अमित, गुटफ्रॉइंड आणि सोम्पोलिन्स्की या तिघांनी स्पिन ग्लास या अव्यवस्थित चुंबकांसाठी विकसित झालेली रेप्लिका पद्धती वापरून मोठ्या नेटवर्कसाठी हा आकडा 0.138 च्या आसपास काढला. ही पद्धती ज्यांनी पूर्णत्वास नेली ते जॉर्जो पारिसी 2021 चे नोबेल मानकरी आहेत. मला या उत्तरातील आकड्यापेक्षाही त्याचे स्वरूप महत्त्वाचे वाटते. मर्यादेच्या काठावरही आठवलेल्या आकृतीत जेमतेम दीड टक्का घरे चुकतात, आणि मर्यादा ओलांडताच एखादी आकृती नव्हे तर सगळीच स्मृती एकदम ढासळते. हे पाण्याच्या उकळण्यासारखे खरेखुरे प्रावस्था संक्रमण आहे, आणि केवळ प्रयोग करत राहून ते इतक्या स्वच्छपणे हाती लागले नसते.

या गणिताची एक अट विसरता कामा नये, ती म्हणजे आकृत्या यादृच्छिक असल्या पाहिजेत. त्याच चौकटीत देवनागरी अक्षरे साठवून पाहा. शिरोरेखा जवळपास सर्वांना समान आणि कानाही अनेकांत सारखा, त्यामुळे गोंगाटातील अधिक-उणे एकमेकांना छेदत नाही, एकाच बाजूला साचते, आणि नेटवर्क ‘म’ऐवजी अनेक अक्षरांचे मिश्रण आठवू लागते. छायाचित्रे आणि भाषा यांत असे परस्परसंबंध सर्वत्र असतात.

क्रोटोव्ह आणि हॉपफील्ड यांनी 2016 मध्ये ऊर्जेच्या सूत्रात वर्गाऐवजी अधिक वरचे घात घेतले आणि साठवणक्षमता कितीतरी वाढली. घातांकी रूप घेतले तर आठवण्याचा नियम आजच्या भाषा-प्रारूपांतील अटेन्शन या, कोणत्या शब्दाकडे किती लक्ष द्यायचे ते ठरवणाऱ्या, क्रियेशी जुळतो, हे 2020 मध्ये दाखवले गेले. मात्र अशा प्रारूपांतील जोडण्या हेब यांच्या नियमाने, म्हणजे वर पाहिलेल्या एक मिळवण्याच्या किंवा वजा करण्याच्या रीतीने, एका झटक्यात ठरत नाहीत, त्या प्रचंड विदेतून (डेटातून) हळूहळू शिकल्या जातात. परस्परसंबंधांनी भरलेल्या विदेवर शिकणाऱ्या अशा नेटवर्कसाठी 0.138 इतके नेमके उत्तर काढणे, हे सांख्यिकीय भौतिकीपुढचे आजचे काम आहे.