घड्याळ लावून केलेली चाचणी

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की हात लुळा पडतो, तोंड वाकडं होतं, बोलता येत नाही, आणि 1995 पर्यंत अशा पेशंटला ॲडमिट करून बीपी सांभाळत बसण्यापलीकडे डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. गुठळी विरघळवणारं औषध होतं, हार्ट अटॅकला देतही होते, पण लकव्यात द्यायचं म्हणजे धास्ती एकच, मेंदूत रक्तस्राव झाला तर?

अमेरिकेत एनआयएनडीएस या सरकारी संस्थेने 1991 मध्ये अल्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची चाचणी सुरू केली. अट कडक. लक्षणं दिसल्यापासून 3 तासांच्या आत औषध सुरू झालंच पाहिजे, आणि जवळपास निम्म्या पेशंटना तर 90 मिनिटांत! तेवढ्यात पेशंट आणायचा, सीटी स्कॅन काढून रक्तस्राव नाही ना ते बघायचं, घरच्यांना विचारायचं की शेवटचं धडधाकट कधी बघितलं होतं. झोपेतून उठतानाच लकवा मारलेला असेल तर रात्री झोपल्यापासूनचा वेळ धरायचा, म्हणजे असे बहुतेक पेशंट बाहेरच.

डोस वजनावर. 70 किलोच्या माणसाला 63 मिलिग्रॅम, त्यातलं 6.3 एका मिनिटात शिरेतून, उरलेलं तासभर हळूहळू. पावडरमध्ये पाणी घातलं की बाटली जोरात हलवायची नाही, फेस होतो, नुसती गोल फिरवायची, आणि इतकी घाई असताना ते सांभाळणाऱ्या नर्सचं मला खरंच कौतुक वाटतं. आत औषध आहे की प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं, हे ना पेशंटला माहीत ना डॉक्टरला.

एकूण 624 पेशंट. पहिल्या 24 तासांत ठळक फरक दिसलाच नाही, तिथेच थांबले असते तर औषध बाद झालं असतं. पण 3 महिन्यांनी बघितलं तर औषध मिळालेल्यांमध्ये जवळजवळ पूर्ण बरं होण्याची शक्यता निदान 30 टक्क्यांनी जास्त होती. धास्तीही खरी ठरली, पहिल्या 36 तासांत त्रासदायक रक्तस्राव 6.4 टक्के लोकांना झाला, प्लासिबोवाल्यांमध्ये 0.6. तरीसुद्धा मृत्यू वाढले नाहीत, 17 टक्के विरुद्ध 21.

जून 1996 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. 2008 मध्ये युरोपातल्या चाचणीने मुदत साडेचार तासांवर नेली. आणि झोपेत लकवा मारलेल्यांसाठी 2018 मध्ये दुसऱ्या एका चाचणीचा निकाल आला, त्यात घड्याळाऐवजी एमआरआय बघून कोणाला औषध द्यायचं ते ठरवलं होतं.