‘गिरसप्पा’वरचं टपाल

समुद्रात बुडालेल्या बोटींवर बोलायचं आहे, पण नागपुरात बोलतोय, तर आधी अंबाझरी तलावाच्या पुरापासून सुरुवात करतो. 23 सप्टेंबर 2023ची पहाट आठवते ना? आमच्या घरात कमरेइतकं पाणी होतं. खालच्या खोलीत आजीची लोखंडी पेटी, आणि तिच्यात तिच्या वडिलांनी लग्नानंतर तिला लिहिलेली पत्रं. ती घेऊन मी जुने कागद दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांकडे धावलो. त्यांनी गठ्ठा सोडवूनही पाहिला नाही. ‘फेका’ म्हणाले. तो शब्द मला अजून टोचतो. मग आम्ही पापड वाळवतो तशी ती पत्रं गच्चीवर चादर पसरून टाकली. संध्याकाळपर्यंत गठ्ठ्याचं लाकूड झालं होतं. एक पान सोडवायला गेलो, तर ‘चि. सौ.’ एवढंच अंगठ्याला चिकटून आलं. ओले कागद उन्हात घालायचे नसतात, लगेच डीप फ्रीजरमध्ये ठेवायचे आणि मग सवडीनं एकेक सोडवायचे, हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही तरी लक्षात ठेवा.

आता ऐका. आपल्या गिरसप्पाच्या धबधब्याचं नाव असलेली एक मालवाहू बोट डिसेंबर 1940मध्ये कलकत्त्याहून निघाली. पोटात चांदी, चहा, कच्चं लोखंड आणि टपालाच्या थैल्या. वादळात कोळसा कमी पडू लागला, म्हणून ती सोबतच्या जहाजांचा ताफा सोडून आयर्लंडकडे वळली. 16 फेब्रुवारी 1941ला जर्मन पाणबुडीनं तिला बुडवलं. माणसांपैकी वाचला एकच. 2011मध्ये ती सापडली, जवळजवळ पावणेपाच किलोमीटर खोल. त्या तळातून सातशेहून अधिक पत्रं निघाली, आणि ती वाचता येतात! तिथे उजेड नाही, ऊब नाही, थैल्या एकमेकींवर घट्ट दाबलेल्या, त्यामुळे कागदाला हात लावायला कुणी पोचलंच नाही. 2018मध्ये लंडनच्या टपाल संग्रहालयानं ती मांडली. मी त्यांचे फोटो पाहिले तेव्हा मला गच्चीवरची ती चादर आठवली.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली. जाहीर केलेला विषय ‘हा वारसा कुणाचा’ असा होता, तेव्हा थोडक्यात सांगतो. त्याच बोटीतून 110 टन चांदीही वर आली आणि विकली गेली. 1942मध्ये मुंबईहून चांदीचे रुपये घेऊन निघालेली ‘सिटी ऑफ कैरो’ही अशीच बुडाली होती. तिचे रुपये काढले आणि चक्क वितळवले. आपल्या बाजारात चाललेली नाणी ती! युनेस्कोचा 2001चा करार असा व्यापार नको म्हणतो, पण निदान शंभर वर्षं पाण्याखाली राहिलेल्या वस्तूंनाच तो वारसा मानतो. माझा आक्षेप या अटीवर आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या बोटींना तिच्यामुळे अजून संरक्षण मिळत नाही, आणि त्यांवर आपलेच खलाशी बुडाले आहेत.

‘गिरसप्पा’ची शंभर वर्षं 2041मध्ये भरतील.